नासिरभाई, तुम्ही नाव सांगितले नाही

नासिरभाई,

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी भरलेल्या शोकसभेत आपले विभागप्रमुख तुमच्याविषयी म्हणाले, "माणूस मोठा, पण भोळा." सभेत माना हलल्या. मी शाळेत घडलेली बाई. चुकीचे उत्तर ऐकून गप्प बसण्याची मला सवय नाही. तरीही त्या दिवशी गप्प बसले. बरोबर उत्तर माझ्याजवळ होते आणि ते कोणाला सांगायचे नाही, असे वचन तुम्ही माझ्याकडून घेतले होते. वचन घेणारा गेला म्हणजे वचन सुटते की अधिक घट्ट होते, हा प्रश्न मी गेला आठवडाभर सोडवत आहे.

तुमच्या पदव्या, नेमणुका, शोधनिबंध हे सारे सभेत वाचून दाखवले गेले. तो भाग झाला. मला आठवते ते तुमच्या रोगट प्लॉटवरचे पहिले दर्शन. अमरावतीच्या शाळेतली गणिताची नोकरी सोडून मी अकोल्याला, कृषी महाविद्यालयात सांख्यिकीच्या कामावर नुकतीच आले होते. पहिल्याच आठवड्यात तुमच्याकडे तुरीचे तक्ते मागितले. तुम्ही म्हणालात, "आकडे मागाहून, बाई. आधी झाडाले हात लावा." आणि मला, साडीच्या निऱ्या सावरत, त्या प्लॉटवर नेलेत, जिथल्या काळ्या मातीत मर रोग मुद्दाम जपून ठेवलेला होता. उभ्या उभ्या वाळलेले तुरीचे एक झाड उपटून तुम्ही त्याचे खोड उभे चिरलेत. आत काळी रेघ होती. शेजारच्याच ओळीत एक झाड हिरवेगार उभे होते.

"हे मेलं. हे नाही मेलं. काहून नाही मेलं, ते तुमचे आकडे सांगतीन. पण मेलं नाही, हे आधी आपल्या डोयानं पाहा."

मुलांना उदाहरण आधी आणि सूत्र नंतर शिकवावे, हे मी वर्षानुवर्षे करत आले होते. ते कोणी मला शिकवावे आणि मला त्याचा राग येऊ नये, असे त्या दिवशी प्रथमच घडले. त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले. तुम्ही आभार मानूही दिले नसते, "शाया सुरू झाली का?" असे काहीतरी म्हणून चहा मागवला असता.

त्या हिरव्या झाडाची ओळ तुम्ही हंगामामागून हंगाम वाढवत नेली. वर्षे कशी होती, हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. आज कोणत्या शेतकऱ्याने जीव दिला असेल, या धास्तीने सकाळी वर्तमानपत्राची घडी उलगडायला हात धजावत नसे. अशा वेळी मर रोगाला न जुमानणारी, कमी पाण्यावर येणारी आणि जिचे बियाणे शेतकऱ्याला दर वर्षी घरचेच ठेवता येईल अशी तूर महाविद्यालयाच्या नावाने, परवडेल अशा भावात गावोगाव पोचावी, एवढाच तुमचा हट्ट होता. संकरित बियाणे दर वर्षी नव्याने घ्यावे लागते. तुमचे सरळ वाण होते. ज्याने एकदा पेरले त्याचे ते झाले. तुम्ही या गोष्टीला संशोधन म्हणत नव्हतात. "देणं हाय बाई," म्हणायचात.

आपले भांडण सुरू झाले ते याच देण्यावरून.

विभागातले संगणक आणि त्यातल्या नोंदी सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले तेव्हा साऱ्या विभागाचा मिळून एकच पासवर्ड होता आणि तो तुमच्या टेबलाच्या काचेखाली, मुलांच्या फोटोशेजारी, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेला होता. मी हरकत घेतली. तुम्ही म्हणालात, "लपवून ठेवला तर मी विसरीन, आन् मंग तुमालेच बोलवा लागन." मी तो कागद काढला. दुसऱ्या दिवशी नवा पासवर्ड त्याच जागी होता, फक्त या वेळी शुद्धलेखन माझ्या पसंतीचे होते.

तूर फुलावर आली की तुम्ही निवडक फांद्यांवर जाळीच्या पिशव्या बांधत असा. मधमाशीने दुसऱ्या वाणाचे पराग आणले तर सारी निवड बिघडते, हे तुम्हीच मला समजावले होते. पिशवीची गाठ मारताना तुमची बोटे इतकी हळू चालत की एक कळीही गळत नसे. ते पाहून एकदा मी विचारले, "नासिरभाई, मधमाशीपासून फूल झाकता, मग माणसापासून माहिती का झाकत नाही?"

"मधमाशीशी बोलता येत नाही नं बाई. माणसाशी येते."

"चोरायला आलेला माणूस सर्वांत गोड बोलतो."

तुम्ही गाठ पुरी केलीत, मग हसलात. "शायेत कॉप्या पकडू पकडू तुमाले सारी दुनियाच कॉपीबहाद्दर दिसून राहिली."

माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मी नियम केले. नोंदींना कुलूप, प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड, प्लॉटवर येणाऱ्याचे नाव आणि संस्था आधी विचारणे. यांतला शेवटचा नियम तुम्ही मनापासून मोडलात, कारण तो तुमच्या घरच्या रीतीच्या आड येत होता. नव्या पिकाचा पहिला वाटा शेजाऱ्यापाजाऱ्यांना, सोयऱ्यांना, दारी आलेल्याला दिल्याशिवाय घरात शिजवायचा नाही. त्या वाट्याला आपल्याकडे वानोळा म्हणतात. तुमच्या गावी, हिवरखेडला, तुमची अम्मी हरभरा निघाला की आधी शेजारच्या देशमुखांकडे सूप भरून पाठवायची आणि देशमुखांच्या संत्र्यांची पहिली टोपली तुमच्या ओसरीवर यायची. तीच रीत तुम्ही प्रयोगाच्या प्लॉटला लावलीत. प्लॉट पाहायला आलेला कोणीही असो, जाताना त्याच्या रुमालात शेंगा असायच्या. "खाऊन पाहा, कशी लागते." शिजवायला हिरव्या, आणि हंगाम उतरणीला असेल तर वाळलेल्या.

एक गृहस्थ असेच उतरणीच्या हंगामात आले. कोणत्याशा संशोधन संस्थेचे आहोत म्हणाले. कपडे साधे, बोलणे आदबशीर. बांधावर तुमच्याशेजारी बसून त्यांनी शमीमभाभींच्या डब्यातली भाकर खाल्ली आणि ठेच्याचे कौतुक केले. मी त्यांना ओळखपत्र मागितले तर तुम्ही माझ्याकडे असे पाहिलेत, जणू मीच काही अशिष्ट बोलले. नंतर म्हणालात, "पंगतीत बसलेल्या पाहुण्याले कोणी कागद मागते का?" वाळल्या शेंगांचा रुमाल घेऊन ते गेले.

नुसते बियाणे मुके असते. ते कोणत्या दोन वाणांपासून झाले, कोणत्या जमिनीत काय निघाले, रोगट प्लॉटवर किती झाडे तगली, हे तक्ते जोडल्याशिवाय त्यावर कोणाला हक्क सांगता येत नाही. ते तक्ते मागणारा मेल पुढच्याच महिन्यात आला, आणि तो प्रशांतच्या नावाने आला. प्रशांत हा तुमचा सर्वांत लाडका विद्यार्थी. भातकुलीकडचा, वडील लहानपणीच गेलेले, तुमच्याच घरी जेवून ज्याने पदव्युत्तर शिक्षण पुरे केले. तो तेव्हा नुकताच एका खासगी बियाणे कंपनीत नोकरीला लागला होता. मेलमध्ये लिहिले होते, सर, अभ्यासाला हवे आहेत, सारे तक्ते पाठवा. पत्ता त्याचा नेहमीचा नव्हता. "पोरगं नव्या जागी गेलं, पत्ता बदलला असन," असे तुम्ही मनाशी म्हणालात आणि चहा येईपर्यंत सारे पाठवून मोकळे झालात.

हे मला तेव्हा कळले नाही. कळायला सुरुवात झाली ती काही हंगामांनंतर, हिवरखेडच्या वाटेवर.

आपण जीपने गावाकडच्या चाचणी प्लॉटवर निघालो होतो. रस्त्याकडेला तूर फुलावर होती. तुम्ही एकाएकी "थांबवा, थांबवा" म्हणून ओरडलात, जीप पुरती थांबायच्या आत उतरलात आणि लहान मुलासारखे शेतात शिरलात. मी मागून पोचले तेव्हा तुम्ही एक पिवळे फूल उलटे करून त्याच्या पाठीवरच्या लाल रेघा पाहत होता. "बाई, आपली! आपलीच पोरगी हाय!" तुमचे डोळे भरून आले होते. तुम्हाला वाटले, वानोळा या हातातून त्या हातात फिरत इथवर आला.

शेताचा मालक सुधाकरभाऊ बांधावरून म्हणाला, "पाकिटाचं हाय सायेब. नवीन निघालं. लय महाग हाय, पण मर नाही येत म्हनते." बांधावरच्या काठीला बियाण्याचे रिकामे पाकीट उलटे अडकवले होते. तुम्ही ते काढलेत, सरळ केलेत, त्यावरचे परके नाव वाचलेत. मग तेच नाव पुन्हा एकदा वाचलेत.

सुधाकरभाऊने विचारले, "सायेब, पुढच्या साली पुन्हा घ्याच लागन का? पाकिटावर तसंच लिहून हाय."

तुमच्या जागी दुसरा असता तर त्या घडीला आपले नाव, आपली वर्षे, आपल्या वाणाची चोरी याखेरीज काही सुचले नसते. तुम्ही म्हणालात, "नाही रे बाबा. सरळ वाण हाय हे. चांगल्या झाडाईच्या शेंगा वेगळ्या काढ, घरीच ठेव. मी सांगतो नं." परतीच्या वाटेवर मी रागाने बोलत सुटले होते आणि तुम्ही खिडकीबाहेर पाहत होता. तुमचा राग मला दिसावा, असे तेव्हा फार वाटले.

विभागात आल्यावर मी तुमचा मेल उघडायला लावला आणि तो सापडला. मी शिकवते तसे सांगितले: अनोळखी पत्त्यावरून ओळखीचे नाव आले, तर फोन उचलायचा आणि त्या माणसालाच विचारायचे, हे तूच लिहिलेस का. तुम्ही मान खाली घालून ऐकलेत. आता चौकशी बसणार, हे दिसत होते. मग मी म्हणाले, "आता प्रशांतला विचारा." कारण मला संशय होता. तो कंपनीत होता. कंपनी दुसरी असली तरी कंपनीच. तुम्ही मान वर केलीत.

"विचारणं म्हणजेच आरोप करणं झालं, बाई. आन् हे नाव चौकशीत गेलं तर त्या पोराची नोकरी एका दिवसात जाईन. कोणी पाहणार नाही का त्यानं लिहिलं का दुसऱ्यानं. त्याची माय एकटी हाय."

"आणि तुमचे नाव?"

"माहं नाव पुरान्या सदऱ्यासारखं हाय. एखादा डाग पडला तरी घालता येते. त्याचं नवं हाय." मग तुम्ही माझ्याकडून वचन घेतलेत. चौकशीतच नव्हे, खुद्द प्रशांतलाही सांगायचे नाही, कारण "पोरगं उगाच जिवाले लावून घेईन."

महाविद्यालयाने नेमलेल्या चौकशी समितीपुढे तुम्ही एवढेच सांगितलेत, "मी दिलं." कोणाला? "जो आला त्याले." विकले का? त्या प्रश्नावर तुमचा आवाज पहिल्यांदा चढला, असे आतून बाहेर आलेल्या लिपिकाने मला सांगितले. "साहेब, वानोळा कोणी विकते का?" कायदा सल्लागारांनी मत दिले की स्वतःहून दिलेली वस्तू चोरीला गेली, असे म्हणता येत नाही. मत बिनचूक होते. त्यांना दिलेले गणितच अपुरे होते. महाविद्यालयाच्या नावाने वाण जाहीर करण्याचा प्रस्ताव मागे घेतला गेला. अहवालात विक्रीचा आरोप सिद्ध झाला नाही असे लिहिले आणि पुढे "संशयास वाव आहे" असे जोडले. तेवढे जोडलेले वाक्य तुमच्यामागे कँटीनपर्यंत चालत आले. तुमची बढती थांबली. ज्यांच्या रुमालात तुम्ही शेंगा बांधून दिल्या होत्या, ते तुम्हाला पाहून टेबल बदलू लागले.

तुम्ही मात्र सुट्टीच्या दिवशी एसटीने गावोगाव जाऊ लागलात. पारावर बसून सांगायचात, ते पाकीट एकदाच घ्या, पुढे बियाणे घरचे ठेवा, कोणती झाडे निवडायची ते मी दाखवतो. स्वतःच्याच चोरीला गेलेल्या वाणाचा असा फुकट प्रचार करणारा शास्त्रज्ञ मी दुसरा पाहिला नाही. एकदा मला म्हणालात, "पाहा बाई, माह्या नावानं गेलं असतं तं इतल्या गावात गेलं नसतं." मी म्हणाले, "ही स्वतःची समजूत आहे, पुरावा नाही." तुम्ही म्हणालात, "समजूतच हाय. राहू द्या नं."

मी संशोधक विद्यार्थ्यांसाठी माहिती कशी जपावी याचे वर्ग सुरू केले. तुमचे नाव न घेता तुमची गोष्ट सांगत असे. एका वर्गात तुम्ही मागच्या बाकावर येऊन बसलात आणि शेवटी हात वर केलात. "एक शंका, बाई. जो खरंच गरजू हाय आन् ज्याच्यापाशी दाखवाले कागद नाही, तो तुमच्या नियमात कुठं उभा राहीन?" मुले हसली. मी म्हणाले, नियम सर्वांना सारखा असतो. उत्तर अपुरे आहे, हे सांगतानाच कळत होते. पुढे कधीतरी बसून नीट बोलू, असे म्हणालो. ते बोलणे झाले नाही. तुम्ही माझे काही ऐकले नाही, आपल्या भांडणातून तुम्ही काही घेतले नाही, या समजुतीतच मी तुमच्या जियारतीला, तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेला, तुमच्या घरी आले.

आतल्या खोलीत शमीमभाभींचा हात धरून बसले होते. निघाले तेव्हा अंगणात प्रशांत होता. आता केस विरळ झालेत त्याचे. स्वतःची दोन लेकरे आहेत. मला पाहून तो रडू लागला.

"बाई, सर लय जीव लावत होते. मी एखादा मेल टाकला का त्याईचा फोन यायचाच. पयला प्रश्न एकच. 'बाबू, हे तूच लिहिलं नं?' मी म्हणो, होय सर, मीच. मंग म्हणत, 'बस. आता सांग, जेवला का?' सणाचा मेल असो का कामाचा. बायको म्हणे, तुमच्या सरले तुमचा आवाज आयकल्याशिवाय करमत नाही."

नासिरभाई, मी अंगणातल्या खुर्चीवर बसले. तुम्ही ऐकले होते तर. माझा नियम तुम्ही शब्दशः पाळलात, इतकी वर्षे, मला न सांगता. आणि तो असा पाळलात की ज्याची खात्री करून घेतली जात होती, त्याला ती माया वाटली. दोन्ही खरेच होते. वर्गात मी जे सांगत होते त्यात हेच कमी होते. खात्री करून घेताना "जेवला का" हेही विचारता येते, हे मला पाठ्यक्रमात लिहायचे सुचले नव्हते.

त्याच वेळी हेही समजले की ज्या मुलाला तो प्रश्न इतका निर्धास्त ऐकू येत होता, त्याला त्याच्या नावाने आलेल्या त्या मेलची खबरच नव्हती. माझा संशय तिथे संपला. आणि मी तुमचे वचन मोडले. त्याला सारे सांगितले, ते गृहस्थ, तक्ते, त्याचे नाव, चौकशीतले तुमचे "मी दिलं."

तो अंगणाच्या पायरीवर बसला. आतून पठणाचा आवाज येत होता. मग म्हणाला, "एकदा मले विचाराले पायजे होतं नं त्याईनं. मी आलो असतो नं, बाई. नोकरी गेली असती तं गेली असती. मी कुठं पयून गेलो असतो का?"

याचे उत्तर तुम्हीच द्यायला हवे होते. तुमचा विश्वास होता म्हणून तुम्ही विचारले नाही आणि माझा संशय होता म्हणून मी. तुम्ही त्याचे नाव जपलेत, पण ते ज्याचे होते, त्याचा त्यात होकार घेतला नाहीत. एवढ्या एका बाबतीत तुम्ही माझ्यासारखे वागलात, नासिरभाई. कुलूप लावलेत आणि किल्ली आपल्याचजवळ ठेवलीत.

आज प्रशांतने लेखी दिले आहे की तो मेल त्याचा नव्हता. तुम्हाला फसवून तक्ते घेतले गेले, तेव्हा "स्वतःहून दिले" हा निष्कर्ष टिकत नाही, असे सविस्तर निवेदन मी लिहिले असून चौकशी पुन्हा उघडावी, अशी मागणी केली आहे. वाण परत मिळेल की नाही, मला सांगता येत नाही. अहवालातले ते जोडलेले वाक्य निघावे, इतकेच मागितले आहे. शमीमभाभींना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "बाई, वो होते तो तुमपे बहोत नाराज होते."

मला माहीत आहे. उद्या निवेदन दाखल करीन तेव्हा तुम्ही दारात आडवे येऊन "काहून सांगतलं, बाई?" म्हणाला असतात. या वेळी माझ्याजवळ उत्तर आहे. मी ते तयार केले आहे, मुद्द्यांसह. तुम्ही एकदा विचारा.